सापडलं तसं, सोडलं तसं

नोकरीचा पहिला आठवडा सोडला तर निरुपमाने एकतीस वर्षांत एकदाच वही न उघडता यंत्राला हात लावला, आणि त्यासाठी तिला दिवस सापडला तो पंधरा जानेवारीचा. बडोद्यात उत्तरायण दोन दिवस चालतं. चौदा तारखेला लोक पतंग उडवतात, आणि पंधराला, वासी उत्तरायण म्हणून, कालचा उरलेला मांजा संपवायला पुन्हा गच्चीवर चढतात. या दोन दिवसांत तुमचा नळ फुटो, गाडी बंद पडो की लॅपटॉप, सोळा तारखेपर्यंत तुम्हाला कुणी वाली नसतो.

लॅपटॉप सरळ बंद पडला असता तरी एक वेळ पत्करलं असतं. हा बंदही पडत नव्हता आणि सुरूही होत नव्हता. आधी कंपनीचं चिन्ह यायचं, खाली ठिपक्यांचं कडं गरगर फिरायचं, मग निळा पडदा आणि त्यावर तोंड पाडलेला एक चेहरा. पडदा काळा व्हायचा आणि पुन्हा चिन्ह, पुन्हा ठिपके, पुन्हा तो रडका चेहरा. मांजलपूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून, निरुपमा सकाळी साडेनऊपासून हा खेळ बघत होती. दुपारी तीनला याच लॅपटॉपवर तिची परीक्षा होती.

एकोणसाठाव्या वर्षी कसली परीक्षा, असं तिला नात्यातल्या बऱ्याच जणांनी विचारून झालं होतं. त्यांना उत्तर द्यायला ती बांधील नव्हती, पण आपल्याला सांगायला हरकत नाही. निरुपमाने नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात, कॅलिब्रेशनच्या खोलीत, एकतीस वर्षं काढली. कारखान्यातले प्रेशर गेज, थर्मामीटर, वजनकाटे खरं बोलतात की नाही ते तपासायचं आणि खोटं बोलत असतील तर त्यांना ताळ्यावर आणायचं, हे तिचं काम. दर वर्षी बाहेरून मूल्यांकन करणारे साहेब येत. गळ्यात बिल्ला, हातात फाइल. ते टेबलाच्या त्या बाजूला बसत, निरुपमा या बाजूला उभी राहत असे. ते तिच्या नोंदवह्या उलटत, चहा घेत, सह्या करत, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांना गेज कुठून धरायचा एवढंही धड ठाऊक नसे. एकतीस वर्षं तिला त्या बाजूच्या खुर्चीचा हेवा वाटला. निवृत्त झाल्यावर तिने हे पहिल्यांदा नवऱ्याला, दामोदरला, सांगितलं आणि मूल्यांकनकाराच्या परीक्षेचा अर्ज भरला. पहिल्यांदा बसणाऱ्याला वयाची अट साठच्या आतली. निरुपमाला साठ पूर्ण होणार होती मार्चमध्ये, आणि परीक्षा वर्षातून एकदाच. आज नाही तर कधीच नाही, इतकं ते सरळ होतं.

परीक्षा घरूनच द्यायची, कॅमेऱ्यासमोर. त्यांचं सॉफ्टवेअर आठवडाभर आधी या लॅपटॉपवर बसवून त्याची नोंदणी झाली होती. दुसरं यंत्र चालणार नाही, असं त्यांनी ठळक अक्षरांत कळवलं होतं. आणि काल संध्याकाळी आणखी एक मेल आली: परीक्षेपूर्वी बायॉसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन बंद करावं. बायॉस म्हणजे विंडोज यायच्या आधी लॅपटॉप स्वतःपुरत्या ज्या सेटिंग वाचतो त्यांची जागा. आणि व्हर्च्युअलायझेशन म्हणजे एका यंत्राच्या पोटात दुसरं, दिखाऊ यंत्र चालवायची सोय. कॉपी करणाऱ्यांना ती कामाला येते, म्हणून बंद करायची. निरुपमाला यात भिण्यासारखं काही वाटलं नाही. तिने याहून वाईट यंत्रं उघडली होती.

सकाळी नऊला तिने एफ-टूचं बटण दाबून बायॉस उघडलं. तळाशी एक ओळ होती: एफ-नाइन, लोड डिफॉल्ट्स. म्हणजे सगळ्या सेटिंग मुळावर आणा. आणि इथे एकतीस वर्षांची सवय तिच्या हाताला नडली. काटा तपासायचा तर आधी तो शून्यावर आणायचा, हे तिच्या बोटांत इतकं मुरलं होतं की तिने एफ-नाइन दाबलं, मग व्हर्च्युअलायझेशन बंद केलं, मग सेव्ह केलं. नीटनेटकं काम केल्याच्या समाधानात ती चहा ठेवायला उठली. चहा उकळेपर्यंत रडका चेहरा तीनदा येऊन गेला होता.

पहिला विचार कुणालाही सुचेल तोच तिला सुचला. तिने परत बायॉसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन पूर्वीसारखं चालू केलं. ठिपके फिरले, निळा पडदा आला.

दामोदरने आपल्या भाच्याला फोन लावला. कुणाल सुभानपुऱ्यात राहायचा आणि संगणकाच्या कंपनीत होता, त्यामुळे घराण्यातले सगळे मोबाइल आणि प्रिंटर त्याच्याच गळ्यात पडलेले. तो अर्थात गच्चीवर होता. मागे स्पीकर एवढा दणाणत होता की निरुपमाला फोन कानापासून दूर धरावा लागला.

"मामी, हे बूट लूप आहे," कुणाल ओरडून म्हणाला. "विंडोज उडालंय. फॉर्मॅट मारावं लागेल. मी संध्याकाळी येतो ने, दोन कलाकात करून देतो."

"फॉर्मॅट केलं तर परीक्षेचं सॉफ्टवेअर राहील?"

"ते तर जाणार. सगळंच जाणार."

"आणि त्याची नोंदणी?"

"मामी, पुढच्या वर्षी द्या ने परीक्षा. एवढं काय टेन्शन घेता?"

पुढचं वर्ष नाही, हे तिने त्याला सांगितलं नाही. गच्चीवरच्या माणसाला समजावत बसण्यात अर्थ नव्हता. "उडव तू पतंग," असं म्हणून तिने फोन ठेवला.

दामोदर मात्र स्वस्थ बसणारा नव्हता. विमा कंपनीतून निवृत्त झालेला, कधी कुणावर आवाज न चढवणारा हा गृहस्थ बायकोचा चेहरा पाहून चपला घालून निघाला. त्याने स्कूटरवरून मांजलपूर पालथं घातलं, लालबागच्या पुलापलीकडेही जाऊन आला. सगळी शटर खाली. एका दुकानाचा मालक वरच्या गच्चीत सापडला खरा, पण तो फिरकी खाली ठेवायला तयार नव्हता. "काका, आजे तो भगवान पण अगाशी पर होय," असं म्हणून त्याने दामोदरच्या हातात चिक्की ठेवली. "सोळ तारीखे आवजो." साडेअकराला दामोदर घरी परतला तो ती चिक्की घेऊन. निरुपमासमोर ती ठेवताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

निरुपमाने चिक्की खाल्ली. तिला रडू येत होतं, आणि तोंडात काही असलं की रडता येत नाही हे तिला अनुभवाने माहीत होतं. रडका चेहरा समोर येतच होता. तिने लॅपटॉपचं बटण दाबून धरलं आणि तो बंद केला. वरच्या गच्चीवर कुणीतरी पतंग कापला आणि सगळी सोसायटी एकदम ओरडली.

त्या शांत काळ्या पडद्यासमोर बसल्यावर तिला पिलाजीराव आठवले. कॅलिब्रेशनच्या खोलीतले ते तिचे पहिले वरिष्ठ. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिने एक प्रेशर गेज उघडून झटक्यात दुरुस्त केला आणि कौतुकाच्या अपेक्षेने त्यांच्यापुढे धरला होता. "आधी किती दाखवत होता?" त्यांनी विचारलं. तिने लिहिलं नव्हतं. पिलाजीरावांनी गेज परत तिच्या हातात दिला. "मग तू काय दुरुस्त केलंस हे तुलाच माहीत नाही," ते म्हणाले. छापील फॉर्मवर दोन रकाने इंग्रजीत होते. पिलाजीराव त्यांना मराठीत म्हणायचे, सापडलं तसं आणि सोडलं तसं. सापडलं तसं लिहिल्याशिवाय स्क्रू फिरवायचा नाही. फिरवायचा तर एका वेळी एकच. पुढे तीसेक अप्रेंटिसांना निरुपमाने हेच घोकून घ्यायला लावलं होतं, आणि कुणी चुकलं तर त्याची अशी खरडपट्टी काढली होती की तो आयुष्यात विसरला नसेल.

आणि आज तिने स्वतः काय केलं होतं? घरचं यंत्र म्हणून वही उघडली नाही. आपण एकच गोष्ट बदलली असं धरून चालली. एक कुठली? एफ-नाइन दाबलं तेव्हा एका फटक्यात किती गोष्टी बदलल्या याचा तिला पत्ताच नव्हता. काट्याचं शून्य सगळीकडे एकच असतं. पण या यंत्राचं मूळ म्हणजे कारखान्यातून निघाल्या दिवसाचं मूळ, आणि त्यानंतर त्याच्यात कुणी काय फिरवलं होतं ते सगळं तिने पुसून टाकलं होतं. अप्रेंटिसने हे केलं असतं तर तिने त्याला दोन दिवस फरशी पुसायला लावलं असतं. तिने कपाळावर हात मारला. त्याने तिला जरा बरंच वाटलं, कारण चूक कुठे झाली ते तरी आता कळलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "मला एक कोरी वही द्या. आणि पट्टी."

दामोदरने वही दिली, वर पेन्सिलीला टोकही काढून दिलं. निरुपमाने पान आखलं, तारीख घातली, वेळ घातली, अकरा पंचेचाळीस. मग लॅपटॉप चालू करून ती बायॉसमध्ये शिरली आणि एकेक पान उघडून प्रत्येक सेटिंग जशी होती तशी लिहून काढली. सत्तेचाळीस निघाल्या. कुठल्याही बटणाला तिने हात लावला नाही. दामोदर शेजारी उभा राहून हे बघत होता आणि घड्याळाकडेही बघत होता. परीक्षेला तीन तास उरलेले असताना बायको तक्ता आखत बसली आहे हे बघायला धीर लागतो, आणि तो त्याने दाखवला हे नमूद केलं पाहिजे.

सत्तेचाळीसमधल्या बऱ्याचशा पंखा, कॅमेरा, घड्याळ अशा बिनमहत्त्वाच्या होत्या. विंडोज उठायच्या वाटेवर बसलेल्या अशा तीनच होत्या. तिने त्यांच्यापुढे फुल्या केल्या. पहिली तिने बदलून पाहिली, सिक्युअर बूट नावाची. रडका चेहरा. तिने ती जशी होती तशी परत केली आणि वहीत लिहिलं, फरक नाही. दुसरीलाही फरक नाही. तिसरी होती यंत्र डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतं त्याची. दोन पर्याय होते, एक साधा एएचसीआय, दुसरा आरएसटी. सध्या साधा होता. तिने दुसऱ्यावर बोट नेलं आणि पडद्यावर लाल चौकट उमटली: ही सेटिंग बदलल्यास डिस्कवरची सर्व माहिती नष्ट होऊ शकते. पुढे जायचं? हो की नाही?

निरुपमाचं बोट तिथेच थांबलं. सगळी माहिती गेली म्हणजे परीक्षेचं सॉफ्टवेअर गेलं, नोंदणी गेली, साठच्या आतलं वय गेलं. हो म्हणावं तर बुडण्याची भीती आणि नाही म्हणावं तर आधीच बुडालेली. पण अंदाजाने स्क्रू फिरवायची तिची जात नव्हती. कारखान्यात अशा वेळी ती काय करायची? प्रत्येक उपकरणाचं एक हिस्टरी कार्ड असायचं. कधी घेतलं, कधी उघडलं, कुणी काय बदललं, सगळं त्यावर.

"या लॅपटॉपला कुणी कधी हात लावला होता का हो?" तिने विचारलं. "आपल्याशिवाय?"

"गेल्या ऑगस्टमध्ये नाही का डिस्क गेली होती," दामोदर म्हणाला. "तू कोल्हापूरला होतीस तेव्हा. मी नवी बसवून आणली."

"त्याचा कागद असेल?"

दामोदरने चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसायला घेतला. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर असा चष्मा पुसण्याचा अर्थ बायकोला कळतोच.

इथे दामोदरच्या रुमालांबद्दल सांगायला हवं. त्याचे पणजोबा गायकवाडी अमलात सरकारी दप्तरखान्यात होते. तिथे कागद फायलीत घालत नसत, चौकोनी कापडात बांधत, आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. वर चिठ्ठी, आत कोणते कागद त्याची. संस्थान गेलं, दप्तरखान्यातली नोकरी गेली, पण घरात कागद रुमालात बांधायची रीत राहिली. दामोदरच्या रुमालांत लाइट बिलं, मिक्सरची गॅरंटी, दाताच्या डॉक्टरच्या चिठ्ठ्या, बंद पडलेल्या घड्याळांच्या पावत्या, सगळं वर्षवार बांधलेलं असायचं. निरुपमाला नोंदी आवडायच्या पण कापडातलं हे बाड नव्हे, त्यावरून घरात पस्तीस वर्षं कुरबूर चालू होती. शेवटी गेल्या दिवाळीच्या सफाईत तिने फर्मान काढलं की माळ्यावरचे सगळे रुमाल पस्तीवाल्याला, म्हणजे रद्दीवाल्याला, जातील. रुमाल गेले. आता तिला ते आठवलं.

"निळा रुमाल," दामोदर हळूच म्हणाला. "यंत्रसामग्रीचा. त्यात असणार."

"आणि तो मी पस्तीत दिला."

"तू द्यायला सांगितलास," दामोदर म्हणाला. चष्मा आता पुरेसा लख्ख झाला होता, तरी तो पुसतच होता. "बाकीचे दिले मी. तो एक नाही दिला."

"मग कुठे आहे?"

"स्कूटरच्या डिकीत."

म्हणजे दिवाळीपासून हा रुमाल सीटखाली बसून रोज खंडेराव मार्केटला भाजी आणायला जात होता. आणि आज सकाळी दामोदर सगळं बडोदं पालथं घालून जो इलाज शोधत फिरला, तो सगळा वेळ त्याच्या बुडाखाली होता. दुसऱ्या कुठल्या दिवशी तिने याचा चांगला समाचार घेतला असता. आज ती फक्त म्हणाली, "जा, आणा." आणि दामोदर साठीपुढचा माणूस उतरत नाही अशा वेगाने जिना उतरला.

रुमाल आला तो कोथिंबिरीचा वास घेऊन. गाठ सोडली, वर चिठ्ठी होतीच, यंत्रसामग्री, अनुक्रमाने. गीझर, पंखे, मिक्सर, आणि मग लॅपटॉप, त्यात दुकानदाराचं जॉबकार्ड. गुजरातीत घाईघाईने लिहिलेलं. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवलं. बायॉसमध्ये आरएसटी चालू ठेवलं. आणि खाली, दोन रेघांनी अधोरेखित करून: डिफॉल्ट मारवुं नहीं.

निरुपमाने ती ओळ तीनदा वाचली. मग तिला हसू आलं, इतकं की दामोदर घाबरला. सगळं तिला कुणी तरी आधीच सांगून ठेवलं होतं, लेखी, अधोरेखित, आणि ते तिने स्वतः पस्तीत घालायला निघावं. तिने वहीत आरएसटीपुढे लिहिलं, जॉबकार्डानुसार मूळ सेटिंग हीच. मग लाल चौकटीकडे बघितलं. आता तो अंदाज नव्हता. यंत्र जसं सापडायला हवं होतं तसंच ती त्याला परत नेत होती. तिने हो दाबलं.

चिन्ह आलं. ठिपके फिरले. पडदा निळा झाला आणि दामोदरने डोळे मिटले. पण या निळ्यावर रडका चेहरा नव्हता. एक लांबलचक चौकट होती आणि तिच्यात अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागितली होती.

"डोळे उघडा," निरुपमा म्हणाली. "डिस्क सापडली त्याला. फक्त आपण आपणच आहोत ना, असं विचारतोय. अठ्ठेचाळीस आकडे मागतोय. असा काही कागद आहे का त्यात?"

दामोदरने रुमालातून पुढचा कागद काढला. त्याचा चेहरा त्या क्षणी बघण्यासारखा होता. पणजोबांपासून चार पिढ्या ज्या दिवसाची वाट बघत कागद बांधत आल्या तो दिवस उगवला होता. "दुकानदाराने छापून दिला होता," तो म्हणाला. "सांभाळून ठेवा म्हणाला. कशाचा ते मी नाही विचारलं. सांभाळला."

तो उभा राहून वाचू लागला. "चार लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे..."

"अहो, एकेक आकडा वाचा. हा काही खजिना नाही."

"चार. सात. सात. दोन," दामोदर सावकाश वाचू लागला, आणि निरुपमा दाबत गेली. सहा-सहाचे आठ गट. पाचव्या गटात त्याने नऊचा सहा वाचला, तिने परत विचारलं, त्याने कागद उजेडाकडे धरून दुरुस्त केला. शेवटचा आकडा पडला. तिने एंटर दाबलं.

ठिपके फिरले. फिरत राहिले. मग निळं सगळं विरून गेलं आणि पडद्यावर निरुपमाने ठेवलेलं चित्र उमटलं, कारखान्यातल्या तिच्या टेबलाचं, त्यावरच्या पितळी वजनांचं. कोपऱ्यात परीक्षेचं सॉफ्टवेअर होतं. तिने ते उघडलं. नोंदणी क्रमांक, नाव, सगळं जागच्या जागी.

तिचे डोळे भरून आले. ते तिने पुसले नाहीत, लपवले नाहीत. दामोदरने तिच्या खांद्यावर हात ठेवला. एक वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

"आता याला हात लावू नकोस," तो म्हणाला. "तीन वाजेपर्यंत असाच ठेव."

"लावावा लागेल. व्हर्च्युअलायझेशन अजून चालूच आहे. ते बंद केल्याशिवाय हे मला परीक्षेला बसू देणार नाहीत."

"परत त्याच खोलीत शिरणार तू?"

निरुपमाने वही पुढे ओढली. नवी ओळ आखली. सापडलं तसं: चालू. मग लॅपटॉप बंद केला, एफ-टू दाबलं, एकच सेटिंग बदलली. एफ-नाइनची ओळ तळाशी तशीच उभी होती. तिने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सेव्ह केलं. सोडलं तसं: बंद. दामोदर स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला, कारण त्याला बघवत नव्हतं. तिकडून त्याला बटणाचा आवाज ऐकू आला, मग बराच वेळ काही नाही, आणि मग निरुपमाचा आवाज.

"जेवायला वाढा," ती म्हणाली. "मला भूक लागलीय."

दोघांनी कालची तिळाची पोळी आणि उंधियू खाल्लं. मग दामोदर गच्चीवर गेला आणि वासी उत्तरायणाच्या भर दुपारी त्याने सोसायटीच्या पोरांना दोन तास स्पीकर पलीकडच्या टोकाला न्यायला सांगितलं. आयुष्यात त्याने कुणाला काही करायला सांगितल्याची ही तिसरी-चौथी वेळ असेल. कशासाठी ते ऐकल्यावर पोरांनी स्पीकर बंदच केला. खाली घरात निरुपमा कॅमेऱ्यासमोर बसली, ओळखपत्र दाखवलं, खोली फिरवून दाखवली. तीन वाजले.

शंभर प्रश्न होते. पहिल्या दहानंतर तिला जाणवलं की आपल्याला मजा येते आहे. यातलं प्रत्येक खोटं उत्तर तिने कुणा ना कुणा साहेबाच्या तोंडून कधीतरी ऐकलं होतं. पावणेपाचला तिने शेवटचं बटण दाबलं आणि पडद्यावर तात्पुरता निकाल आला. उत्तीर्ण. एक्क्याण्णव.

ती खुर्चीवरून उठली, दाराशी उभ्या असलेल्या दामोदरला म्हणाली, "झालं." मग दोघं गच्चीवर गेली. स्पीकर परत जागेवर आला आणि पोरांनी निरुपमाकाकूच्या नावाने असा गलका केला की शेजारच्या सोसायटीला वाटलं मोठा पतंग कापला. तिने आयुष्यात पहिल्यांदा फिरकी धरली. कुणालचा फोन आला, मामी लॅपटॉपचं काय झालं, मी निघतोय. "निघू नकोस," ती म्हणाली. "मी पास झाले."

दुसऱ्या दिवशी निरुपमाने लॅपटॉपचं हिस्टरी कार्ड तयार केलं. बिघाडाचं कारण या रकान्यात तिने लिहिलं: निरुपमाने नोंद न करता डिफॉल्ट केले. खाली सही केली आणि साक्षीदार म्हणून दामोदरची घेतली. त्याने ती पूर्ण नावाने, तारखेसकट, पणजोबांसारखी झोकदार वळणाची केली. मग तिने स्वतः कपाटातला आपल्या साड्यांखालचा एक कप्पा रिकामा केला आणि निळा रुमाल तिथे ठेवला. दामोदरने चष्मा पुष्कळ वेळ पुसला.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पाकीट आलं, तिची साठी भरायच्या सतरा दिवस आधी. आत बिल्ला होता, तिचा फोटो आणि खाली मूल्यांकनकार असा शब्द. दामोदरने कपाट उघडून रुमाल काढला, गाठ सोडली, नवी चिठ्ठी लिहायला घेतली.

"हा रुमालात जाणार नाही," निरुपमा म्हणाली. तिने बिल्ला गळ्यात घातला आणि आरशात न बघताच सरळ केला. "स्कूटर काढा. खंडेराव मार्केटला भाजी आणायची आहे."

"बिल्ला घालून?"

"बिल्ला घालूनच," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन जिना उतरू लागली.